चारकोल रोज घ्यावा का? आधी त्या वेळी पोटात दुसरं काय आहे ते पाहू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दीड महिन्यापासून तुम्ही रोज सकाळी अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोलच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन कॅप्सूल घेताय, शरीर आतून स्वच्छ व्हावं म्हणून. साडेसहाला अनशापोटी थायरॉइडची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी, सातला चारकोल, आठला नाश्ता. बाहेर जड जेवण झालं तर रात्री आणखी एक कॅप्सूल. पोट फुगणं कमी झालंय. संडास काळी होते. गेल्या पंधरवड्यापासून मात्र अंग जड वाटतं, दुपारी डोळे मिटतात, पोट साफ होत नाही. ज्या मैत्रिणीनं चारकोल सुचवला ती म्हणते, हे शरीरातलं विष बाहेर पडतंय, थोडं सोसायला लागेल. आणि शेवटी तुम्ही विचारलंय: "रोज घेतला तर चालेल ना? नैसर्गिकच तर आहे."

थायरॉइडच्या गोळीचा उल्लेख तुम्ही जाता जाता, कंसात केलाय. माझ्या मते खरा प्रश्न त्या कंसातच आहे. चारकोल चांगला की वाईट, हे एका शब्दात सांगता येत नाही. तो पोटात उतरतो तेव्हा तिथे आणखी काय असतं, यावर बरंचसं अवलंबून आहे. उत्तर लांबणार आहे, म्हणून घाईत असाल तर एवढं आत्ताच वाचा: चारकोल आजपासून बंद करा, थायरॉइडची गोळी आहे तेवढीच चालू ठेवा आणि या आठवड्यात टीएसएच तपासून घ्या (थायरॉइडची रक्ततपासणी, थायरॉइड कमी पडलं की हा आकडा वाढतो). असं का, ते पुढे सांगतो.

मी इमर्जन्सी विभागात काम करणारा डॉक्टर आहे, वीसेक वर्षं झाली. चारकोलशी माझी ओळख कॅफेतल्या काळ्या आइस्क्रीममुळे झाली नाही, विषबाधेच्या रुग्णांमुळे झाली. आमच्याकडे तो विषावरचा उतारा म्हणून येतो. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण ५० ग्रॅम, लहान मुलाला वजनाच्या दर किलोमागे १ ग्रॅमपर्यंत. ५० ग्रॅम म्हणजे तुमच्या शंभर कॅप्सूल. पाण्यात कालवला की डांबरासारखा दाट, काळा रबडा होतो. चव जवळजवळ नसते, पण जिभेवरून बारीक रेती फिरवल्यासारखं वाटतं. आम्ही झाकणाच्या पेल्यातून नळीनं पाजतो, म्हणजे निदान डोळ्यांना दिसत नाही. तरी बरेच जण ओकतात. मग ओठ, दात, उशीचा अभ्रा, नर्सच्या बाह्या, सगळं काळं होतं आणि दोन धुण्यांत तो डाग निघत नाही.

एवढा त्रास आम्ही देतो, कारण योग्य वेळी, योग्य विषावर हा उतारा खरोखर काम करतो. पण "योग्य वेळी" म्हणजे विष पोटात गेल्यापासून साधारण तासाभरात. अमेरिकन अकॅडमी ऑफ क्लिनिकल टॉक्सिकॉलॉजी आणि युरोपातल्या विषबाधा केंद्रांची संघटना यांनी १९९७ मध्ये याबद्दल संयुक्त निवेदन काढलं, २००५ मध्ये ते सुधारलं. त्याचा मथितार्थ असा, की विषबाधेच्या प्रत्येक रुग्णाला सरसकट चारकोल देऊ नका. चारकोल ज्याला धरू शकतो असं विष धोकादायक प्रमाणात पोटात गेलं असेल आणि तासाभराच्या आत रुग्ण आला असेल, तर विचार करा. ज्या कामासाठी चारकोल मुळात वापरला जातो, तिथेही आम्ही तो पूर्वीपेक्षा जपून देतो. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण जाहिरातीत "दवाखान्यात वापरतात" एवढंच अर्धं वाक्य असतं.

आता तो काम कसा करतो ते. नारळाची करवंटी किंवा लाकूड अगदी कमी हवेत जाळून आधी साधा कोळसा करतात. मग त्यावर ८०० ते १,००० अंश सेल्सिअसच्या आसपास वाफ सोडतात, किंवा रसायनांनी प्रक्रिया करतात. त्यानं कोळशाला आतून असंख्य सूक्ष्म छिद्रं पडतात. ती सगळी छिद्रं उलगडून पसरली, तर एका ग्रॅमचा पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात भरतो, म्हणजे टेनिसची जवळजवळ चार मैदानं. या पृष्ठभागावर रेणू येऊन चिकटतात. स्पंज पाणी आत ओढून घेतो, ते शोषण. रेणू पृष्ठभागाला धरून राहतात, ते अधिशोषण. (शेगडीतला कोळसा कुटून खाल्ला तर चालेल का, असंही मला विचारतात. अजिबात नको. त्याला ही छिद्रं नसतात, वर त्यात डांबरी अंश असतात.)

नव्या नर्सिंग स्टाफला हे समजावताना मी दोन पेले घेतो. एकात पाणी आणि शाईचे चार थेंब. दुसऱ्यात डाळिंबाचा गाळलेला रस, पाणी घालून पातळ केलेला. दोन्हींत चमचाभर चारकोल घालून ढवळायचं, दहा मिनिटं ठेवायचं आणि गाळणकागदातून गाळायचं. शाईचं पाणी जवळजवळ स्वच्छ उतरतं आणि सगळ्यांच्या तोंडून "अरे वा" निघतं. मग मी दुसरा पेला गाळतो. रसाचा लाल रंगही गेलेला असतो. ज्या रंगद्रव्यांसाठी आपण डाळिंब पौष्टिक म्हणतो, तीच त्या कागदावर काळ्या गाळात अडकलेली असतात. साखरेच्या कारखान्यात पाकाचा रंग काढायला आणि फळांचे रस फिके करायला अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन याच गुणामुळे वापरतात. चारकोल घातलेला "आरोग्यदायी" फळांचा रस पाहिला की मला तो दुसरा पेला आठवतो. आधी फळातलं चांगलं पेल्यात घ्यायचं आणि मग ते धरून ठेवणारी पूड त्यातच घालायची, याला काय म्हणावं?

या प्रयोगातून एक गोष्ट ध्यानात यावी. विष कुठलं आणि औषध कुठलं, हे चारकोलला कळत नाही. त्याला कळतो तो रेणूचा आकार आणि स्वभाव. कार्बनी, मध्यम ते मोठे, पाण्यात फारसे न रमणारे रेणू तो घट्ट धरतो. आपली बहुतेक औषधं नेमकी अशीच असतात. उलट लोह, लिथियम, शिसं यांना तो जवळजवळ हातच लावत नाही. मद्यार्क धरत नाही. तीव्र आम्ल-अल्कली धरत नाही. तेव्हा "जड धातू बाहेर काढतो" असं पाकिटावर लिहिलं असेल, तर ते पाकीट खाली ठेवा. पार्टीच्या दुसऱ्या सकाळी घेण्याचंही तेच. मद्य तोवर केव्हाच रक्तात गेलेलं असतं, आणि पोटात असताना घेतला असता तरी चारकोलनं ते धरलं नसतं.

आता "शरीर आतून स्वच्छ" या कल्पनेकडे येतो, कारण तुमची मैत्रीण वाईट हेतूनं सांगत नाहीये आणि या कल्पनेत थोडं तथ्यही आहे. चारकोल रक्तात जात नाही. तोंडातून निघून आतड्यातून सरळ बाहेर पडतो. तेव्हा रक्तातलं काही काढायचं, तर त्या पदार्थानं आपणहून आतड्यात यायला हवं. काही मोजके पदार्थ तसे येतात: काही औषधं यकृतातून पित्तावाटे आतड्यात उतरतात, काही आतड्याच्या भिंतीतून पाझरतात. कार्बामॅझेपिन, फेनोबार्बिटल, डॅप्सोन, क्विनीन, थिओफिलिन यांच्या गंभीर विषबाधेत आम्ही दर काही तासांनी चारकोल देत राहतो, तो याचसाठी. पण तो अतिदक्षता विभागात, ग्रॅमच्या पन्नाशीत आणि एका ओळखलेल्या विषासाठी. "टॉक्सिन्स" हे ज्याचं नाव कुणी सांगत नाही, मोजमाप कुणी करत नाही, असं विष घेऊन माझ्याकडे आजवर कुणी आलेलं नाही. मैत्रिणीला एवढंच विचारा, की नेमका कुठला पदार्थ बाहेर पडतोय आणि तो कुठल्या तपासणीत दिसेल?

आणि ही कल्पना कुणी तपासलीच नाही असंही नाही. किडनीच्या जुनाट आजारात रक्तात साचणारे काही घटक मुळात आतड्यातले जीवाणू तयार करतात. ते आतड्यातच अडवावेत म्हणून चारकोलचे खास गोल कण बनवले गेले, एएसटी-१२० नावाचे. जपानमध्ये ते १९९१ पासून औषध म्हणून वापरात आहेत. विचार पटण्यासारखा आहे, मलाही पटला होता. मग सुमारे २,००० रुग्णांवर, दिवसाला ९ ग्रॅम देऊन, नकली औषधाशी तुलना करणाऱ्या दोन मोठ्या चाचण्या झाल्या. २०१५ मध्ये निष्कर्ष छापून आले. किडनी ढासळण्याचा वेग कमी झाल्याचं दिसलं नाही. तिथे नेमके कुठले घटक अडवायचे ते ठाऊक होतं, डोस तुमच्या नऊपट होता, रुग्णांच्या शरीरात ते घटक खरोखर साचलेले होते, तरी हे उत्तर आलं. धडधाकट किडनी रोज १८० लिटरच्या आसपास द्रव गाळते. तिच्या मदतीला दोन कॅप्सूल पाठवून काय साधणार?

आता तुमच्या सकाळच्या वेळापत्रकाकडे या. इथे मला खरी काळजी वाटते.

विषबाधेत आम्ही ढोबळ हिशेब करतो, की विषाच्या दसपट चारकोल हवा. म्हणजे १ ग्रॅम चारकोल अंदाजे १०० मिलिग्रॅम औषध धरू शकतो. तुमची थायरॉक्सिनची गोळी ७५ मायक्रोग्रॅमची, म्हणजे ०.०७५ मिलिग्रॅम. कागदावरच्या हिशेबात तुमच्या दोन कॅप्सूल तशा हजाराहून जास्त गोळ्या धरून बसतील. प्रत्यक्ष पोटात एवढं सरळ नसतं. जठरातला रस, अन्न, पित्त हे सगळेच त्या पृष्ठभागावर जागा मागतात. पण तुम्ही चारकोल अनशापोटी घेता, म्हणजे जागा मागणारं दुसरं फारसं कुणी नसतं. अर्ध्या तासाचं अंतरही पुरत नाही. थायरॉक्सिन मुख्यतः लहान आतड्यातून, सावकाश, दोन-चार तासांत रक्तात उतरतं. गोळी आतड्यात पोचून शोषली जाऊ लागते न लागते, तोच मागून काळी पूड येते. थायरॉक्सिनचा ओव्हरडोस लवकर लक्षात आला, तर तो अडवायला आम्ही चारकोलच देतो. तुम्ही रोज सकाळी नकळत तोच उपचार स्वतःवर करताय.

थोड्या चारकोलची अडचण नेमकी ही आहे. विष अडवायला तो फार कमी पडतो आणि मायक्रोग्रॅममधलं औषध अडवायला पुरून उरतो. "एवढासा तर घेते, त्यानं काय होणार" हा युक्तिवाद फायद्याला लागू पडतो, तोट्याला पडत नाही.

तुमचा थकवा, दुपारची झोप, बद्धकोष्ठता हे थायरॉइड कमी पडल्याचं ठरावीक चित्र आहे. वेळही जुळते. थायरॉक्सिनचा रक्तातला अर्धा साठा संपायला सुमारे आठवडा लागतो, म्हणून गोळी नीट पोचेनाशी झाली तर लगेच कळत नाही, काही आठवड्यांनी अंगावर येते. बद्धकोष्ठता एकट्या चारकोलनंही होते, ते वेगळं. थकव्याला इतरही कारणं असतात: रक्त कमी असणं, झोप अपुरी, नुकताच होऊन गेलेला ताप. तुम्हाला न तपासता मी निदान करू शकत नाही आणि करतही नाही. पण "विष बाहेर पडतंय, सोसा" या सल्ल्यातला धोका इथे कळावा. एखाद्या उपायानं बरं वाटलं तर उपाय लागू पडला, आणि वाईट वाटलं तरी तो लागू पडतोय, असा हिशेब मांडला, की खरा आजार लक्षात यायला जागाच उरत नाही.

टीएसएच करायला जाल तेव्हा डॉक्टरांना चारकोलबद्दल आपणहून सांगा. "कुठलं औषध घेता का" या प्रश्नावर लोक कॅप्सूलचं नाव घेत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते औषध नसतंच. न सांगता टीएसएच वाढलेला आला, तर डॉक्टर साहजिकच गोळी ७५ची १०० करतील. मग महिन्याभरानं तुम्ही चारकोल सोडलात, की तीच १००ची गोळी पूर्ण अंगी लागेल आणि छातीत धडधड, घाम, झोप न लागणं सुरू होईल. म्हणून डोस न बदलता चारकोल थांबवायचा आणि सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासायचं, हा क्रम बहुधा तुमचे डॉक्टरही धरतील. आत्ताचाच टीएसएच फार वाढलेला निघाला किंवा तुम्हाला दिवस गेलेले असतील, तर मात्र ते वाट पाहणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

गर्भनिरोधक गोळीबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण घेत असाल म्हणून सांगतो. इथे वेळेवर सगळं आहे. गोळी रात्री दहाला आणि चारकोल सकाळी सातला असेल, तर गोळी तोवर शोषली गेलेली असते. पण जड जेवणानंतर रात्री जी एक कॅप्सूल घेता, ती गोळीच्या आगेमागे तीनेक तासांत पडत असेल, तर ती गोळी चुकली असंच समजा. पाकिटातल्या कागदावर गोळी चुकल्यावर काय करायचं ते असतं, तसं करा आणि सात दिवस निरोधसारखं दुसरं साधन वापरा. फिट्स, हृदय, नैराश्य, मधुमेह, दमा यांची तोंडानं घ्यायची औषधं चालू असतील, तर माझा सल्ला आणखी सोपा आहे: चारकोल घरात आणूच नका. काही औषधांत गोळीचा थोडासा भाग कमी पोचला तरी फिट येते, ठोके बिघडतात. तिथे तासांची गणितं करत बसण्याइतका फायदा समोरच्या पारड्यात नाही.

काळ्या संडासबद्दल. तुमच्या बाबतीत ते चारकोलमुळेच असण्याची शक्यता जास्त आहे. तो न पचता तसाच बाहेर येतो, रंग त्याचाच असतो, विषाचा नसतो. पण मला यात एक भीती कायम वाटते. काही वर्षांपूर्वी साठीतले एक गृहस्थ चक्कर येऊन पडले म्हणून आमच्याकडे आणले होते. पांढरेफटक, हात गार, हिमोग्लोबिन ६. गुडघ्यांसाठी वेदनाशामक गोळ्या रोज चालू होत्या आणि त्यानं पोटात गॅस होतो म्हणून ते स्वतःच्या मनानं चारकोल घेत होते. दहा दिवस संडास काळी होत होती. बायकोनं दोनदा विचारलं, तर म्हणाले, "पाकिटावर लिहिलंय, काळी होते म्हणून." त्यांच्या जठरात व्रण झाला होता आणि त्यातून रक्त झिरपत होतं. एंडोस्कोपी केली तर जठराच्या अस्तरावर सगळीकडे काळा लेप. रक्त कुठून येतंय ते दिसेना, धुऊन धुऊन पाहावं लागलं. ते वाचले. पण तो काळा रंग चारकोलचा नसून रक्ताचा आहे, हे आठवडाभर आधी कळलं असतं. रक्तामुळे होणारी काळी संडास चिकट, चकचकीत, डांबरासारखी असते आणि तिला वेगळीच उग्र दुर्गंधी येते. चारकोलची कोरडी, घट्ट, मंद काळी असते. पण या फरकावर विसंबू नका, दोन्ही एकदम असू शकतात. चारकोल थांबवल्यावर तीन-चार दिवसांत रंग पूर्ववत व्हायला हवा. झाला नाही, किंवा सोबत चक्कर, धाप, पोटात कळ असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आता तुमच्या बाजूचा मुद्दा, कारण पोट फुगणं कमी झालं हे तुम्ही उगाच म्हणत नसणार. युरोपीय संघानं २०१२ च्या नियमावलीत अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोलसाठी एक दावा मान्य केलाय: जेवणानंतरचा अतिरिक्त वायू कमी होण्यास मदत होते. त्यासाठी अटही घातली आहे, जेवणाआधी किमान अर्धा तास १ ग्रॅम आणि जेवणानंतर लगेच १ ग्रॅम. याविषयीचे अभ्यास एकमुखी नाहीत आणि माझ्या रुग्णांतही काहींना गुण येतो, काहींना काहीच नाही. इतर कुठलंही औषध चालू नसलेल्या धडधाकट माणसानं एखाद्या जड जेवणाच्या दिवशी तो घेतला, तर मी हरकत घेत नाही. रोज गॅस होत असेल तर मात्र कारण शोधायला हवं. दूध पचत नाही का, कडधान्यांनी होतं का, घाईघाईत जेवता का, आणि तुमच्या बाबतीत खास म्हणजे थायरॉइड कमी पडल्यानं आतडंच मंदावलंय का. थायरॉइड कमी असल्यानंही पोट फुगतं. म्हणजे ज्या त्रासासाठी चारकोल घ्यायचा, तोच त्रास चारकोलमुळे पुढे वाढायचा, असं चक्र इथे फिरू शकतं.

"नैसर्गिक" या शब्दाबद्दल एवढंच सांगेन की करवंटी नैसर्गिक आहे, ८०० अंशांवरची प्रक्रिया नाही. आणि नैसर्गिक असणं म्हणजे खाण्याला परवानगी असणंही नाही. युरोपात खाद्यरंग म्हणून वनस्पतिजन्य कार्बन, ई १५३, चालतो. अमेरिकेत अन्नात घालायला परवानगी नाही, आणि त्याच आधारावर न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्यानं २०१८ मध्ये उपाहारगृहांना चारकोल घातलेले पदार्थ बंद करायला लावले होते. एखाद्या वेळी काळं आइस्क्रीम खाल्लं म्हणून मी कुणाला घाबरवणार नाही. पण त्या कोनात किती चारकोल आहे हे विकणाराही सांगू शकत नाही, म्हणून महत्त्वाची गोळी घेतल्यानंतर चारेक तास तरी ते टाळा.

दातांच्या काळ्या पेस्टबद्दलही तुम्ही ओझरतं विचारलंय. हे माझं क्षेत्र नाही, पण अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात २०१७ मध्ये आलेल्या आढाव्यानं सुरक्षितता आणि उपयोग दोन्हींसाठी पुरावा अपुरा असल्याचं म्हटलं होतं. पेस्टमध्ये फ्लोराइड आहे का ते पाहा, अनेक चारकोल पेस्टमध्ये नसतं. घासून निघतो तो वरचा डाग, आणि फार घासलं तर इनॅमलही. थायरॉइडच्या गोळीशी याचा संबंध नाही, पेस्ट थुंकून टाकतो आपण.

एक शेवटची गोष्ट, तुमच्या मैत्रिणीनं "घरात असू दे, लहान मुलानं काही खाल्लं तर उपयोगी पडेल" म्हटलं ना, त्याबद्दल. कृपया तसं ठेवू नका. एका तीन वर्षांच्या मुलानं आईच्या लोहाच्या गोळ्या खाल्ल्या होत्या. घरच्यांनी चारकोलच्या कॅप्सूल फोडून, मधात कालवून त्याला चाटवल्या आणि आता उतारा दिलाय म्हणून दोन तास वाट पाहिली. लोहाला चारकोल धरत नाही. ते दोन तास आम्हाला हवे होते. मूल बरं झालं, पण त्याला बरंच काही सोसावं लागलं. दुसरं असं, की गुंगीत असलेल्या माणसाला चारकोल पाजला आणि तो ओकला, तर ती पूड फुप्फुसात जाते, आणि ते कधी कधी मूळ विषाहून वाईट असतं. कुणी काही गिळलं असेल, तर जे गिळलं त्याचं पाकीट किंवा बाटली हातात घ्या, किती वाजता गिळलं ते लक्षात ठेवा, विषबाधा मदत केंद्राला किंवा जवळच्या इमर्जन्सीला फोन करा आणि निघा. चारकोल द्यायचा की नाही, ते तिथे ठरू द्या.

तर तुमच्यासाठी पुढचा क्रम असा. चारकोल बंद. थायरॉइडची गोळी रोज त्याच वेळी, अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर, नाश्ता अर्ध्या-एक तासानंतर. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या घेत असाल, तर त्या थायरॉइडच्या गोळीनंतर चार तासांनी. तीही मंडळी थायरॉक्सिन अडवतात. या आठवड्यात टीएसएच, सोबत हिमोग्लोबिनही करून घ्या, थकव्याचं दुसरं कारण असेल तर कळेल. पोट साफ होण्यासाठी सध्या पाणी वाढवा आणि रोज चाला. इसबगोल सुरू करणार असाल तर तेही गोळीपासून चार तास लांब. आणि रिपोर्ट आल्यावर पुन्हा लिहाल तेव्हा दोन आकडे नक्की द्या: चारकोल सुरू करण्याआधीचा शेवटचा टीएसएच आणि आत्ताचा.